जुनी बजाज चेतक घरी दुरुस्त करताना आधी काय करावे: कार्बोरेटर, इंजिनचे सील की १२ व्होल्टची इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन यंत्रणा?

मिरजकर (प्रश्न)

वडिलांनी १९८६ साली घेतलेली बजाज चेतक बरीच वर्षे छपराखाली उभी होती. ती शक्य तितकी घरीच दुरुस्त करून रोजच्या जवळच्या फेऱ्यांसाठी वापरावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. टाकीतील गंज काढला, पेट्रोलची नळी व प्लग नवे घातले आणि कार्बोरेटर पूर्ण खोलून जेट हवेच्या दाबाने साफ केले. गाडी आता सुरू होते, परंतु तीन लक्षणे राहिली आहेत. पहिले म्हणजे ती डावीकडे वाकवल्याशिवाय सुरू होत नाही. दुसरे, चोक आत ढकलला की इंजिन रेसमध्ये जाते आणि मूठ पूर्ण सोडली तरी वेग लवकर खाली येत नाही. तिसरे, चांगली तापल्यावर ती अचानक बंद पडते आणि गार होईपर्यंत किकला दाद देत नाही.

येथील एका मेकॅनिकने कार्बोरेटर बदलून १२ व्होल्टची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवण्याचा सल्ला दिला आहे. माझ्या गाडीत ६ व्होल्टची पॉइंटची (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांची) व्यवस्था आहे. हा खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे ते समजून घ्यायचे आहे. कामाचा क्रम कसा असावा?

टू-स्ट्रोक_सांगली

आपण लक्षणे इतकी स्वच्छ लिहिली आहेत की निदान बरेच सोपे झाले आहे. माझ्या मते येथे दोन स्वतंत्र दोष आहेत आणि त्यांतील एकही नव्या कार्बोरेटरने जाणार नाही.

चेतकचे १४५.४५ घनसेंमीचे इंजिन टू-स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोल व हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या, क्रँक म्हणजे इंजिनचा फिरता दांडा असलेल्या पेटीत) येते, तेथे दाबले जाते आणि मग सिलिंडरमध्ये चढते. म्हणजे क्रँककेस हवाबंद असणे ही या इंजिनाची पहिली अट आहे. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑईल सील असतात, एक मॅग्नेटच्या (वीज निर्माण करणाऱ्या फिरत्या चाकाच्या) बाजूला आणि दुसरे क्लचच्या बाजूला. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की सीलची कड कडक होते व तिला चिरा पडतात. मॅग्नेटकडील सील गेले की तेथून बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि मूठ सोडल्यावरही इंजिन वेगातच राहते. आपले दुसरे लक्षण नेमके हेच सांगते. गाडी वाकवून सुरू होण्याचे कारणही बहुधा तेच असावे, कारण वाकवल्याने मिश्रण तात्पुरते घट्ट होते. या अवस्थेत गाडी दूर नेऊ नये, ही कळकळीची विनंती आहे. पातळ मिश्रणात तेलही कमी पोहोचते, पिस्टन जास्त तापतो आणि शेवटी जाम होतो.

क्लचकडील सील गेले तर चित्र वेगळे दिसते. तेथे पलीकडे गिअरचे तेल असते. ते ओढले जाऊन जळते, दाट पांढरा धूर येतो आणि गिअरपेटीतील तेल विनाकारण कमी होते. उलट दिशेने मिश्रणही तेलात शिरते. म्हणून गिअरचे तेल काचेच्या बाटलीत काढा, ते किती निघते ते पाहा आणि त्याला पेट्रोलचा वास येतो का ते तपासा. सुमारे पाव लिटर तेल अपेक्षित आहे. या तपासणीला पैसे लागत नाहीत आणि इंजिन खोलायचे की नाही, हा सर्वांत मोठा निर्णय तिच्यावरच ठरतो, कारण मॅग्नेटकडील सील बाहेरून बदलता येते, पण क्लचकडील सीलसाठी इंजिन उतरवून दोन्ही केस वेगळ्या कराव्या लागतात.

मॅग्नेट काढण्यासाठी पुलरच (ओढून काढण्याचे साधन) वापरा. हातोड्याच्या ठोक्याने क्रँकची सरळ रेषा बिघडते, आणि मग नवे सीलही टिकत नाही. शिवाय या इंजिनात मिश्रण आत सोडण्याचे काम क्रँकचा गोल पाखाच झडपेसारखा करतो. तो केसच्या ज्या पृष्ठभागाला अगदी लागून फिरतो, तेथे वाळूचा कण जरी गेला तरी कायमचा ओरखडा पडतो. म्हणून कार्बोरेटर काढल्याबरोबर खालचे तोंड स्वच्छ कापडाने बंद करावे. जुन्या चेतक खोलणाऱ्यांपैकी फार थोडे जण ही काळजी घेतात आणि मला त्याचे नेहमी वाईट वाटते.

नाना_पेठ_पुणे

वरील निदानाशी मी सहमत आहे. तिसऱ्या लक्षणाबद्दल भर घालतो. तापल्यावर बंद पडणे आणि गार झाल्यावर पुन्हा सुरू होणे, हे ठिणगीच्या यंत्रणेतील कंडेन्सर किंवा कॉइल कमजोर झाल्याचे नेहमीचे लक्षण आहे. गाडी बंद पडताच, गरम असतानाच प्लग काढून ठिणगी पाहा. पेट्रोलची वाफ आसपास नाही ना, याची खात्री मात्र आधी करून घ्या. ठिणगी पिवळट व अशक्त दिसली तर आधी कंडेन्सर बदला, पॉइंट स्वच्छ करा आणि पूर्ण उघडलेल्या स्थितीत त्यांची फट फीलर गेजने (जाडी मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) ०.३ ते ०.५ मिमीच्या दरम्यान लावा.

१२ व्होल्टच्या बदलाला माझा विरोध नाही. पॉइंट झिजण्याचा प्रश्न संपतो, ठिणगी स्थिर मिळते आणि हेडलाइट रात्रीच्या रस्त्याला पुरतो. पण हा बदल अर्धवट करू नये. मॅग्नेट, कॉइलची प्लेट, सीडीआय (ठिणगी देणारी इलेक्ट्रॉनिक पेटी), रेग्युलेटर, सर्व बल्ब व हॉर्न असा पूर्ण जुळणारा संच लागतो. मॅग्नेट ज्या निमुळत्या टोकावर बसते, त्याचे माप सर्व वर्षांच्या क्रँकमध्ये सारखेच असेल असे गृहीत धरू नका. जुना क्रँक समोर ठेवून जुळवाजुळव केल्याशिवाय दुकानदाराला पैसे देऊ नयेत. क्लचकडील सीलसाठी इंजिन उघडावे लागलेच, तर हा बदल त्याच वेळी करणे शहाणपणाचे ठरेल.

आरटीओ_अभ्यासक

यंत्राविषयी वरच्या दोघांनी पुरेसे लिहिले आहे. मी दोन वेगळ्या गोष्टी सांगतो.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि नंतर दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. आपली गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी ते झाले आहे का ते पाहा. तपासणीत चासी क्रमांक व इंजिन क्रमांक वाचता आला पाहिजे, त्यामुळे रंगकामाच्या वेळी त्यांच्यावर घासकागद चालवू देऊ नका. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. प्रज्वलनाच्या सुट्या भागांमुळे तो तपशील बदलत नाही. इंजिनच काढून विजेची मोटर बसवायची असेल, तर मात्र मान्यताप्राप्त संच आणि नोंदणीपुस्तकात फेरनोंद दोन्ही आवश्यक आहेत.

दुसरी गोष्ट इंधनाची. पंपावर आता २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल ओलावा शोषते आणि जुन्या प्रकारचे रबर फुगवते. नवी नळी या पेट्रोलला चालणारी आहे ना, हे तपासा आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकी व कार्बोरेटरमधील फ्लोटची वाटी दोन्ही रिकामे करा. या पेट्रोलने मिश्रण आणखी थोडे पातळ होते, त्यामुळे सीलचे काम झाल्यावर प्लगचा रंग पाहून मुख्य जेट एक माप मोठा घ्यावा लागण्याची शक्यता आहे.

मिरजकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गिअरचे तेल काढले. ते अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघाले, पातळ होते आणि पेट्रोलचा वास स्पष्ट येत होता. त्यामुळे इंजिन उतरवण्याचे ठरवले आहे. पिस्टन आणि बेअरिंग त्याच वेळी बदलावेत का?

टू-स्ट्रोक_सांगली

बेअरिंग अवश्य बदला. केस उघडलेली असताना जुने बेअरिंग पुन्हा बसवणे म्हणजे तेच श्रम लवकरच पुन्हा करणे होय. बेअरिंग ठोकून बसवू नका, केस समान गरम केली की ते सहज आपल्या जागी जाते. सीलच्या कडेला आधी थोडे टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) तेल लावा. पिस्टनबाबत मात्र घाई नको. सिलिंडर चांगल्या टर्नरकडे मोजून घ्या. ओरखडे नसतील आणि झीज मर्यादेत असेल तर नव्या रिंगवर काम भागते. बोअर करावाच (सिलिंडर आतून कोरून मोठा करावाच) लागला, तर आधी पिस्टन विकत घेऊन तो टर्नरच्या हाती द्या, म्हणजे तो त्या पिस्टनच्या प्रत्यक्ष मापाने बोअर करील. सुरुवातीच्या काही टाक्यांसाठी लिटरमागे २० मिलीऐवजी थोडे अधिक तेल घाला आणि सलग चढावर पूर्ण मूठ पिळणे टाळा.