दहा दिवसांत उमगलेला ‘राष्ट्रस्वभाव’

उत्तररात्र (धागाकर्ता)

‘मैलाचा दगड’ यांनी जपान आणि जर्मनीच्या आपल्या प्रवासावर लिहिलेले टिपण परवा वाचले. दोन दिवस गप्प राहण्याचा प्रयत्न केला, तो फसला, म्हणून हा स्वतंत्र धागा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : टोकियोच्या रस्त्यावर कचरापेटी नाही आणि कचराही नाही, कारण जपानी माणूस मुळातच स्वच्छ, जर्मनीत रविवारी दुकाने बंद, कारण जर्मन माणूस मुळातच कुटुंबवत्सल, आणि अमेरिकेत, जेथे ते अद्याप गेलेलेही नाहीत, वाढप्याला भरघोस टिप मिळते, कारण अमेरिकी माणूस मुळातच दिलदार. ‘मुळातच’ हा शब्द त्या टिपणात अकरा वेळा आला आहे.

परक्या देशात आपल्याला खटकणारा किंवा भावणारा बहुतेक फरक हा एखाद्या कायद्याचा, दुर्घटनेचा किंवा जुन्या नळजोडणीचा मागे राहिलेला अवशेष असतो, स्वभावाचा आविष्कार नसतो. टोकियोतील कचरापेट्या २० मार्च १९९५ रोजी भुयारी रेल्वेत झालेल्या सारिन वायूच्या हल्ल्यानंतर सुरक्षेच्या कारणास्तव मोठ्या प्रमाणावर हटवल्या गेल्या. जर्मनीतील रविवारच्या विश्रांतीचे कलम १९१९ च्या वायमार राज्यघटनेत होते आणि १९४९ च्या राज्यघटनेने ते तसेच उचलून घेतले. म्हणजे तेथील दुकानदाराला रविवारी दुकान उघडावेसे वाटले तरी उघडता येत नाही. ब्रिटनमधील जुन्या घरांत गरम आणि थंड पाण्याचे नळ वेगवेगळे पाहून ‘इंग्रज परंपरा सोडत नाही’ असे सुस्कारे टाकणारे प्रवासी मला पुष्कळ भेटले आहेत. प्रत्यक्षात गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून येत असे आणि ते पिण्याच्या पाण्यात मिसळू नये, एवढीच त्यामागची काळजी होती. स्वीडनमध्ये १९५५ च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के मतदारांनी रस्त्याच्या उजवीकडून वाहने चालवण्यास नकार दिला. तरी ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे साऱ्या देशाने बाजू बदललीच. एका रात्रीत स्वीडिश स्वभाव पालटला, असे म्हणायचे काय?

मैलाचा दगड

आपण माझे टिपण वाचण्याऐवजी त्यातील शब्द मोजत बसलात, याबद्दल आभार. निदान कोणी तरी शेवटपर्यंत वाचले.

पेट्या १९९५ नंतर गेल्या, हे मान्य. परंतु पेट्या काढणे हे प्रशासनाचे काम होते; त्या काढल्यानंतर कचरा रस्त्यावर का आला नाही, या प्रश्नाला आपण हातही लावलेला नाही. कोणत्याही शहरातील सगळ्या पेट्या उद्या काढून पाहा आणि परवा सकाळी फिरायला निघा! मी स्वतः दोन रिकाम्या बाटल्या आणि ओल्या छत्रीचे प्लास्टिकचे वेष्टन दिवसभर पाठीवरच्या पिशवीत वागवले, कारण आजूबाजूचे सगळे तसेच करत होते आणि मला लाज वाटली. ती लाज मला कोणत्या कलमाने वाटली?

जर्मनीतही तेच. भुयारी रेल्वेच्या स्थानकावर फाटक नाही, तिकीट तपासणारा नाही, माणूस सरळ गाडीत जाऊन बसतो. नागरिकांवरचा हा विश्वास कायद्याच्या पुस्तकातून येत नाही.

तळटीप

दोन्ही बाजूंना थोडी थोडी गैरसोय करणारी माहिती देतो. १९६४ च्या ऑलिंपिकपूर्वी टोकियो अस्वच्छ म्हणून ओळखले जात होते आणि स्पर्धेच्या निमित्ताने तेथे स्वच्छतेची मोठी मोहीम राबवावी लागली. त्यानंतरही कचरा कोणत्या प्रभागाने जिरवायचा यावरून भांडण इतके विकोपाला गेले, की १९७१ मध्ये राज्यपाल मिनोबे यांनी ‘कचरायुद्ध’ पुकारले. तेव्हा ‘मुळातच’ हे मूळ फार खोल गेलेले नाही. मात्र सवय मोहिमेतून लागली म्हणून ती सवय नव्हे असेही नाही, हे उत्तररात्र यांनी लक्षात घ्यावे.

दुसरे उदाहरण सरकत्या जिन्याचे. टोकियोत स्थिर उभे राहणारे डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे. देश एक, भाषा एक, शिस्त तीच, बाजू उलट. त्यातही साइतामा प्रांताने २०२१ मध्ये जिन्यावर कोणीच चालू नये, असा नियम केला. आता त्या दोन शहरांचे दोन स्वभाव लिहायला घेणार काय?

शिदोरी

अवांतर होईल, पण ‘अमेरिकी माणूस मुळातच दिलदार’ हे वाक्य गिळता येत नाही. मी टेक्सासमध्ये सहा वर्षे राहिले. आमच्या शेजारीण एका उपाहारगृहात वाढपाचे काम करत. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचे संघराज्यीय किमान वेतन तासाला २.१३ डॉलर आहे आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. बाकीच्यांसाठी तो ७.२५ डॉलर आहे. म्हणजे ग्राहक जे ठेवतो ते बक्षीस नसून त्या बाईंचा पगारच असतो. पर्यटकांनी भरलेले टेबल त्यांच्या वाट्याला आले, की त्या दिवशी त्यांचा चेहरा संध्याकाळी पाहवत नसे. पोट भरून, छायाचित्रे काढून, ‘आमच्याकडे ही पद्धत नाही’ असे हसून सांगत ही मंडळी निघून जात.

कोरा कागद

त्या मंडळींपैकी एक मी आहे, आणि मला त्याची खंत नाही. शिदोरीताईंनी अर्धाच कायदा सांगितला. टिप धरूनही कमाई ७.२५ डॉलरपर्यंत पोहोचली नाही, तर उरलेली रक्कम मालकाने भरायची असते. शिवाय कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन अशा राज्यांत वाढप्याला टिप न धरता पूर्ण किमान वेतन द्यावे लागते. तरीही तेथे पैसे भरण्याच्या यंत्राच्या पडद्यावर टिपेसाठी १८, २० आणि २५ टक्क्यांची बटणे समोर येतातच. मी फडताळातून पाण्याची बाटली स्वतः उचलली, गल्ल्यापर्यंत स्वतः नेली, आणि तेथील यंत्राने मला विचारले की या सेवेबद्दल किती देणार. सेवा मी केली होती!

त्यातच टांगलेल्या दरपत्रकातील किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. युरोपात पाटीवर जो आकडा तोच देयकावर. फ्रान्समध्ये तर सेवेचे मूल्यही किमतीतच धरलेले असते. क्योतोत मी भोळेपणाने टेबलावर काही नाणी ठेवून निघालो, तर वाढणारी मुलगी माझे पैसे विसरले म्हणून चौकापर्यंत धावत आली. मला ती पद्धत सुसंस्कृत वाटते. अमेरिकेत मालकाचा खर्च माझ्या माथी मारला जातो आणि वर मलाच कंजूष ठरवले जाते.

शिदोरी

उरलेली रक्कम मालकाने भरायची असते, हे माझ्या शेजारणीलाही ठाऊक होते. ती मागितली, की पुढच्या आठवड्याच्या पाळ्या कमी होत, हेही ठाऊक होते. तुम्हाला पद्धत आवडत नाही, हे ठीक. मलाही आवडत नाही. पण निषेध मालकाचा करायचा आणि पैसे मात्र ताट आणून देणाऱ्या बाईचे कापायचे, याला तत्त्वनिष्ठा म्हणत नाहीत. इतकेच तत्त्व असेल तर त्या देशात बसून खाऊ नका, स्वतः रांधा.

कोरा कागद

मी कोठे बसून काय खावे, हे आपण ठरवू नये. मी वाढप्याचा अपमान केलेला नाही. छापील किंमत पूर्ण दिली आहे. छापील किंमत देणाऱ्या ग्राहकाला चोर ठरवणारी पद्धत आपण दया म्हणून चालवून घेता, आणि म्हणूनच तो २.१३ चा आकडा इतकी वर्षे हललेला नाही. आपल्यासारख्यांच्या टिपांनीच मालक निर्धास्त आहेत.

तळटीप

कोरा कागद यांच्या शेवटच्या वाक्यात तथ्य आहे, पण त्याआधीच्या वाक्यांत नाही. टिपेला वेतनात मोजण्याची सवलत मालकांना किमान वेतनाच्या कायद्यातील १९६६ च्या दुरुस्तीने दिली. ती दुरुस्ती एका पर्यटकाने बाटलीवर टिप नाकारल्याने रद्द होणार नाही. बाटलीपुरते मात्र आपले म्हणणे रास्त आहे. तेथे ‘टिप नाही’ हे बटण दाबताना शिदोरीताईही हरकत घेणार नाहीत.

शिदोरी

बाटलीवर मीही कधी टिप दिली नाही. त्याबद्दल मी बोललेच नव्हते.

उत्तररात्र

धागा माझा आहे, याची आठवण करून देऊ का? दिलदारपणाचे काय झाले, ते आता मैलाचा दगड यांनीच पाहावे. मला वेगळे लिहायला नको.

फाटक नसलेल्या स्थानकांबद्दल मात्र सांगतो, कारण तो विश्वास मी रोख पैसे मोजून अनुभवला आहे. एका जर्मन शहरात मी तिकीट काढले, गाडीत बसलो आणि त्या निर्मळ विश्वासाने भारावून खिडकीबाहेर पाहत राहिलो. तिसऱ्या स्थानकावर साध्या कपड्यांतील दोन माणसे उठली. तिकीट होते, पण फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उठवायचा राहिला होता. ६० युरो. ‘मी परदेशी आहे, ठाऊक नव्हते’ यावर त्यांनी तिकिटाच्या मागची सूचना बोटाने दाखवली. फाटके बसवण्यापेक्षा अधूनमधून तपासनीस पाठवणे स्वस्त पडते, हा सरळ हिशेब आहे. त्याला विश्वास म्हणायचे असेल, तर दंडाच्या पावतीला प्रशस्तिपत्र म्हणावे लागेल.

बाटल्या पाठीवर वागवण्याच्या मुद्द्यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. तळटीप म्हणतात तशी ती मोहिमेतून लागलेली सवय असावी आणि आता ती मोहिमेविना टिकून आहे, एवढे मी कबूल करतो. पण ‘मुळातच’ मात्र नाही.

मैलाचा दगड

एवढी कबुली मिळवायला तीन दिवस लागले, तेव्हा ती मी चौकटीत लावीन. मीही काही सोडतो : जर्मन विश्वासाचा परिच्छेद काढून टाकला आहे, कारण मी तेथे चार दिवस बिनशिक्क्याच्या तिकिटावर फिरलो, हे मला आत्ता कळले. कोणी पकडले नाही. मथळ्यातील ‘स्वभाव’ खोडून ‘सवयी’ केले आहे. जपानचा परिच्छेद तसाच राहील, आणि अकरापैकी चार ‘मुळातच’ही राहतील.

अमेरिकेविषयीचे वाक्य तूर्त कंसात टाकले आहे. पुढच्या महिन्यात तेथे प्रथमच जाणार आहे, तेव्हा वाद बाजूला ठेवून एवढेच सांगा, की बसून जेवल्यावर नेमके किती ठेवायचे?

शिदोरी

२० टक्के, आणि शक्यतो रोख.

कोरा कागद

१५ पुरेत. आणि तेही कर लागण्यापूर्वीच्या रकमेवर मोजा.

शिदोरी

कर धरूनच मोजा.