वांग्याचे शेंडे वाळून रायले, औषध न मारता काय करता येते?

कळमेश्वरवाला: अर्धा एकर वांगं आहे, शेंडे माना टाकून रायले, चिरला तर आत गुलाबी अळी. माल नागपूरच्या कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात जाते आणि घरीबी खातो म्हणून जहाल औषध नाही मारायचं. पिवळे चिकट सापळे लावले, फायदा नाही. काहून?

वांगीभरीत: भाऊ, पिवळ्यावर पांढरी माशी, मावा चिकटते, शेंडे-फळ पोखरणारी नाही. तिचा पतंग रातचा, त्याले कामगंध सापळा पायजे, म्हणजे मादीच्या वासानं नर ओढणारा; त्यातली ल्युर (वासाची गोळी) वांग्याच्या अळीचीच माग, दुकानदार बोंडअळीची हातात टेकवते. आणि त्यात फक्त नर येते, म्हणून वाळलेले शेंडे अळीसकट कापणं चालूच ठेव, बांधावर फेकू नको, जाळून टाक नाहीतर खोल गाड. आळशी माणसाचं काम नाही हे!

निंबोळी_काका: ५ टक्के निंबोळी अर्क. १५ लिटरच्या पंपाले ७५० ग्राम निंबोळी कुटून रातभर भिजव, फडक्यातून गाळ, थोडा साबणाचा चुरा टाक आणि संध्याकाळी मार, उन्हात त्याचा असर लवकर जाते. जूनमध्ये झाडाखाली फुकट पडते, तवा वेचून सावलीत वाळवून ठेवत जा.

कळमेश्वरवाला: अन आत घुसलेली अळी मरते का त्यानं?

वांगीभरीत: नाही. अर्क अंडी घालणं रोखायले आणि बाहेरच्या लहान अळीसाठी. ट्रायकोकार्ड (मित्रकिडीचं कार्ड) मिळालं तर पानाखाली टाच, त्यातली बारीकशी गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यातच वाढते. पण मग जहाल फवारा मारू नको, तीच मरन पहिले.

निंबोळी_काका: आणि तेच वावर पुन्हा वांग्याले देऊ नको बाप्पा.