प्रश्न फक्त शॉट न पडण्याचा नाही

'शॉट पडत नाहीयेत, बाकी खेळ ठीक आहे' हे आपल्या बास्केटबॉल टीमबद्दलचं तुमचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. शॉट मिळतात कसे तेही बघा ना. शॉट घ्यायला मिळणाऱ्या २४ सेकंदांतला अर्धाअधिक वेळ गार्ड (चेंडू पुढे आणणारा खेळाडू) बास्केटपासून लांब, वरच्या बाजूला चेंडूचे टप्पे देत उभा, आणि बाकीचे चौघं थ्री-पॉइंट लाइनबाहेर (जिथून शॉट पडला की तीन गुण, म्हणजे 'थ्री') नुसते बघत उभे. ना कोणी बास्केटकडे कट मारत (अचानक धाव घेत), ना वीक साइडला, म्हणजे चेंडू नसलेल्या बाजूला, स्क्रीन (अंग आडवं घालून डिफेंडरची वाट अडवणं). स्क्रीन लावलाच तर आपला सेंटर डिफेंडरला अंग लागायच्या आतच निसटतो, मग डिफेंडर मागे पडणार कसा? शेवटी घड्याळ संपत आलं की कोणीतरी तोंडावरच्या हातांवरून थ्री फेकायचा. तो हुकणारच.

थ्री मारायला माझा विरोध नाही. NBA या अमेरिकन लीगमध्ये २०१८ च्या वेस्टर्न फायनलच्या सातव्या सामन्यात ह्यूस्टन रॉकेट्सचे सलग २७ थ्री हुकले, पण त्या टीमने जीव तोडून डिफेन्स केला होता. त्याच लीगमधले २०१४ चे सॅन अँटोनियो स्पर्स तर चांगला शॉट सोडून आणखी चांगल्या शॉटसाठी पास द्यायचे. (मला आजही तेच बास्केटबॉल सगळ्यात आवडतं.)

आणि मेहनतीचं काय? शॉट हुकला की रेफरीकडे बघत हात पसरायचे, तोवर समोरचा धावत जाऊन आरामात लेअप (बास्केटजवळून सोपा शॉट) टाकतो. दर सामन्यात हेच. हे बघताना खरंच जिवाला लागतं. परत न धावणाऱ्याला कोचने तिथल्या तिथे बाहेर बसवावं, स्टार असला तरी.