टायगर जीत सिंग जपानमध्ये खरंच एवढा मोठा होता का?

तर्री_पोहे:
काल घरी चिटणीस पार्कच्या कुस्त्यांचा विषय निघाला तं मोठे काका म्हणे खलीबिली सोडा बे, एक सरदार होता टायगर जीत सिंग, तोंडात तलवार धरून जपानच्या पब्लिकले पळवायचा. मले वाटलं काका फेकून राहिले. आपण WWE च्या ट्रम्प कार्डवाली पोरं, अंडरटेकरच्या पलीकडं काही माहीत नाही. खरं आहे का हे? अन बाहेरचा माणूस तिकडं वर्षानुवर्षं पोट कसं भरायचा?

बर्डीवाला:
काका फेकत नाहीयेत भाऊ. जन्म पंजाबचा, कुस्ती कॅनडात शिकला. 1972 ला जपानी पैलवान इनोकीनं न्यू जपान नावाची कुस्तीची कंपनी काढली अन त्याच वर्षी दुसरा पैलवान जायंट बाबानं ऑल जपान, आणि अमेरिकेतले नाव असलेले पैलवान बहुतेक बाबाकडं जायचे कारण तिकडच्या प्रमोटर लोकांशी त्याचं जमत होतं, मग इनोकीले असा माणूस पाहिजे होता की नाव नसलं तरी चालेल, पाहूनच लोकांची टरकली पाहिजे. नोव्हेंबर 1973 ला टोकियोत शिंजुकूच्या इसेतान स्टोअरसमोर इनोकी बायकोसोबत खरेदीला आला असताना यानं भर रस्त्यात धुतला त्याले. ठरवून होतं असं माझं मत, पण टाळकं कोणाचं जोरदार चाललं ते पहा! 1974 ला ओसाकात इनोकीनं याचा हात मोडला ही स्टोरी झाली, 1975 ला यानं इनोकीचा बेल्टच नेला.

पैशाचं म्हणशील तं टूर असायची, काही आठवड्यांची. हप्त्याचे पैसे आधीच ठरलेले, बस, हॉटेल कंपनीचं. गावोगावच्या जिममध्ये रोज मॅच, टूर संपली की विमानानं घरी, पुढच्या टूरले परत. अमेरिकेत बरेचदा तिकीट खपेल तसा वाटा मिळायचा, जपानमध्ये हॉल रिकामा असला तरी पैसे पक्के. म्हणून तं व्हिलन बनूनही माणसं तिकडंच रमली.

ऑरेंजसिटी_८९:
टायगर जीतच्या आधी स्टॅन हॅन्सन पहा रे. टेक्सासचा, चष्म्याशिवाय नीट दिसत नव्हतं, त्यामुळं लॅरिएट (आडवा हात गळ्या-छातीवर हाणायचा डाव) मारायचा तं खरंच लागायचं. 1981 च्या शेवटी न्यू जपान सोडून ऑल जपानच्या फायनलले अचानक येऊन उभा राहिला, तिथं पुढं 4 वेळा ट्रिपल क्राउन, म्हणजे तिथला सगळ्यात मोठा किताब, जिंकला. 1990 ला टोकियो डोममध्ये मास्कवाल्या व्हेडर पैलवानाशी मॅच, व्हेडरचा डोळा खोबणीतून बाहेर आला, त्यानं मास्क काढला, डोळा हातानं आत ढकलला अन पुन्हा लढला. मी यूट्यूबवर जेवताना पाहिली, चूक झाली.

महालचा_पठ्ठा:
सगळं फिक्सच ना पण. मातीतली कुस्ती पहा, तिथं लंगोट लावून उतरल्यावर कळते.

बर्डीवाला:
निकाल ठरलेला असते हो, पडणं खोटं नसते. तसा आपला खलीसुद्धा 2001 ला न्यू जपानमध्ये जायंट सिंग नावानं होता.

तर्री_पोहे:
काकाले वाचून दाखवलं. आता म्हणतात एक अब्दुल्ला बुचर पण होता, काट्याचमच्यानं भोसकायचा. हे तरी खोटं असेल ना?

ऑरेंजसिटी_८९:
खरं आहे. कपाळावर एवढ्या खोल खाचा की त्यात नाणी अडकवून दाखवायचा.