जागेवरच्या चाचणीवर विसंबू नका

एकाने विचारलंय, की गाडीत पुडी सापडली, जागेवरच्या चाचणीत मेथॅम्फेटामाइन (थोडक्यात 'मेथ', एक अमली पदार्थ) निघालं, मग पोलीस अजून 'संशयित' असाच शब्द का वापरतात? कारण त्या चाचणीने अजून काहीच ठरत नाही. चिमूटभर पूड घेऊन त्यावर रसायनाचे दोन-तीन थेंब टाकतात. सायमन चाचणी ही त्यातलीच एक; तिच्यात गडद निळा रंग आला की संशय बळावतो, इतकंच. तोच निळा रंग एमडीएमए या दुसऱ्या अमली पदार्थालाही येतो.

2015 मध्ये अमेरिकेतल्या ऑर्लँडोत एका वयस्कर माणसाच्या गाडीत खाली पडलेले पांढरे कण पोलिसांच्या किटने मेथ ठरवले. त्याला अटक झाली. प्रयोगशाळेत तपासल्यावर कळलं की त्यात अमली पदार्थ नव्हताच; डोनटवरची साखर होती ती! त्या माणसाचे कोठडीतले तास कोण परत देणार? म्हणूनच गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीचा (पदार्थ नेमका कोणता ते ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीचा) अहवाल येईपर्यंत थांबायला हवं, कितीही उशीर झाला तरी.

तस्करी सिद्ध करायची तर नुसती पुडी पुरत नाहीच. माल कुणाचा, कुठे निघाला होता, पैसे कुणी दिले, हे फोन आणि बँकेच्या नोंदींतून जुळवावं लागतं. शिवाय मेथ बनवायचा कच्चा माल. एफेड्रीन आणि स्यूडोएफेड्रीन 1988 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारापासून नियंत्रित यादीत आहेत, त्यामुळे त्यांच्या खरेदीचा माग काढत कारखान्यापर्यंत पोचता येतं. मला विचाराल तर खरा तपास तिथे आहे. पुडी नेणारा पोऱ्या पकडला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो.