ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोड लागत नाही, तातडीने मदत हवी

घाटवळण: डीवर गाडी छान पळते, रिव्हर्सही ठीक. पण लिव्हर बाजूला घेऊन अधिक-उणे केलं की ढिम्म. शनिवारी घाट उतरायचाय आणि सर्व्हिस सेंटरची तारीख पुढच्या आठवड्यातली. ऑइल बदलू का? लवकर सांगा.

तेलकट: गिअरबॉक्स कुठला? टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी, डीसीटी की एएमटी? डॅशबोर्डवर एम येतो की डीच राहतो? स्टिअरिंगला गिअर बदलायचे पॅडल आहेत का? काहीच न सांगता उत्तर कसं मिळणार?

रामभरोसे: ऑइल बदलाच. माझी गाडी गिअर पडताना झटके द्यायची, एटीएफ म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल बदललं आणि लोण्यासारखी चालायला लागली. ‘लाइफटाइम ऑइल’ वगैरे सगळ्या थापा.

तेलकट: यांना झटके कुठे बसतायत? डीमध्ये सगळे गिअर नीट पडतायत, म्हणजे क्लच आणि ऑइल प्रेशरवर संशय घ्यायचं कारण नाही.

सावकाश: मॅन्युअल मोडमध्येही शेवटचा शब्द टीसीयूचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचा. वेग कमी असताना वरचा गिअर मागितला, किंवा खालच्या गिअरने आरपीएम लाल रेषेपलीकडे जाणार असेल, तर तो ऐकत नाही. वेग किती होता?

घाटवळण: उभी असताना केलं, चालतानाही केलं. डीच दिसतो. पॅडल नाहीत. टॉर्क कन्व्हर्टर, सहा गिअर.

उलटसुलट: बहुतेक गाड्यांत लिव्हर पुढे ढकलली की गिअर वाढतो, बीएमडब्ल्यू आणि माझदात उलट. तुम्ही उलटं तर करत नाही ना?

तेलकट: अहो, एमच उमटत नाही तिथे पुढे काय नि मागे काय!

रामभरोसे: एवढी हौस होती तर मॅन्युअल गाडी घ्यायची. घाटात डी आणि ब्रेक पुरतो.

सावकाश: चुकीचा सल्ला. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो, पकड कमी होते. ब्रेक फ्लुइड उकळलं तर पेडल सरळ खाली जातं. घाटवळण, लिव्हरवर एस, एल किंवा २ अशी जागा असेल तर उतरताना ती वापरा, खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी रोखून धरतं.

घाटवळण: तसलं काही नाही. पी, आर, एन, डी आणि बाजूला एम, बस्स.

तेलकट: मग नीट वाचा. लिव्हरखाली मायक्रोस्विच किंवा हॉल सेन्सर असतो. लिव्हर एमच्या बाजूला आली हे टीसीयूला तोच कळवतो. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर. लिव्हर एमकडे घेऊन तशीच दाबून धरा. क्षणभर तरी एम दिसतो का?

बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर असेल तर गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये जा. साधे स्कॅनर बऱ्याचदा इंजिनचेच कोड दाखवतात. पी०८१५ म्हणजे अपशिफ्ट स्विचचं सर्किट, पी०८१६ डाउनशिफ्टचं, पी०८२६ दोन्हींचं. पण कोड नाही म्हणून स्विच ठीक, असं समजू नका. जो स्विच कधी लागतच नाही, तो टीसीयूच्या लेखी न हलवलेल्या लिव्हरसारखाच. लाइव्ह डेटात स्विच ऑन-ऑफ होतो का तेच बघायचं.

घाटवळण: जोरात दाबून धरलं की एम येतो, सोडलं की परत डी! मध्यंतरी कन्सोल उघडून चार्जिंगचं सॉकेट बसवून घेतलंय, त्याचा काही संबंध?

तेलकट: हे पहिल्याच ओळीत लिहायचं हो! कनेक्टर अर्धवट बसलाय, नाहीतर नवी वायर लिव्हरच्या वाटेत आलीये. ज्याने सॉकेट बसवलं त्यालाच तुमच्यासमोर कव्हर उघडायला लावा. स्विच बदलायची वेळ आलीच तर आधी विचारून घ्या, काही कंपन्या तो सुटा देत नाहीत, अख्खी शिफ्टर असेंब्ली घ्यावी लागते.

घाटवळण: वायरच होती. गुंडाळी करून लिव्हरच्या खाचेतच कोंबली होती, त्यामुळे लिव्हर पूर्ण बाजूला जात नव्हती. आता एम१ दिसतो आणि गिअरही बदलतात. तेलकट, आभार!

रामभरोसे: तरीपण ऑइल बघून घ्या एकदा.

नवाचालक: माझी लिव्हर पीमधून निघतच नाही. माझ्याही कन्सोलमध्ये वायर असेल का?

तेलकट: ब्रेक दाबल्यावर मागचे ब्रेक लाइट लागतात का ते आधी बघा. नसतील लागत तर ब्रेकचा स्विच तपासा. आणि वेगळा धागा काढा, गिअरबॉक्सच्या प्रकारासकट.