जळगाव–मुंबई विमान: अंतर 355 किमी, मग सव्वा तास कशाला?

गिरणाकाठ: राम राम मंडळी. नकाशावर जळगाव ते मुंबई विमानतळ सरळ रेषेत 355 किमी येतं. रेल्वेने हेच अंतर 420 किमी. एटीआर (पंख्याचं छोटं प्रवासी विमान) ताशी 500 किमी जातं म्हणतात, म्हणजे पाऊण तासात पोचायला हवं. तिकिटावर मात्र सव्वा तासाच्या आसपास दाखवतात. हिशोब कुठे चुकतोय?

पंखा_चालू: हिशोब बरोबर आहे, फक्त अर्धा आहे. तिकिटावरचा वेळ म्हणजे ब्लॉक टाइम: जागेवरून हलल्यापासून मुंबईत स्टँडवर थांबेपर्यंत. 355 किमी म्हणजे 192 नॉटिकल मैल. 270 नॉट (ताशी 270 नॉटिकल मैल, म्हणजे तुमचे ते 500 किमी) धरले तर 43 मिनिटं. पण तो वेग वर गेल्यावरचा. चढताना आणि उतरताना तो कमी असतो, शिवाय धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी वळसा पडतो. त्याची दहा-बारा मिनिटं. जळगावात टॅक्सिंग (जमिनीवर धावपट्टीपर्यंत चालत जाणं) चार-पाच मिनिटांत उरकतं, मुंबईत पंधराही लागतात. वर कंपन्या थोडी सैल वेळ धरतातच, म्हणून कधीकधी विमान 'लवकर' पोचतं!

वाऱ्याचाही फरक पडतो. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून असतो. समोरून 30 नॉट आला तर 43 ची 48 मिनिटं होतात, पाठीशी असला तर 38. त्यामुळे येताना जरा लवकर, जाताना उशीर.

मनमाड_लूप: मुंबईवर गर्दी असली की हवेतच थांबवतात. एक घेरा साधारण चार मिनिटांचा. पावसाळ्यात असे तीन-चार घेरे झाले की सगळं गणित गेलं.

खरा हिशोब घर ते घर करा भाऊ. विमानतळ कुसुंब्याजवळ, शहरातून वीस मिनिटं. चेक-इन काउंटर विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, म्हणून दीड तास आधी पोचा. उतरल्यावर बॅग घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. दादरला जायचं तर एकूण साडेचार तास धरा; रेल्वेगाडीने सहा-सात. ठाणे-कल्याणला जायचं असेल तर गाडीच बरी, ती वाटेतच उतरवते आणि विमान पुढे नेऊन परत मागे आणायला लावतं.

गिरणाकाठ: कळलं. मेहुणे नंदुरबारचे आहेत, त्यांनाही जळगावहूनच बसवू का?

पंखा_चालू: नको. ताप्ती लाइनवर (सुरत–जळगाव रेल्वेमार्ग) नंदुरबारहून सुरत आणि जळगाव जवळपास सारखंच लांब, आणि सुरतची गाडी पुढे मुंबईलाच जाते. विमानाच्या नादात उलट्या दिशेला दीडशे किमी कशाला? आणि तुम्ही जाल तेव्हा हातातली बॅग मोठी नेऊ नका, एटीआरचे वरचे कप्पे लहान असतात, मोठी ट्रॉली दारातच काढून खालच्या सामानात टाकायला लावतात.